गावपळणीला निघालेला नाका

माझ्या नोकरीतलं मुख्य हत्यार म्हणजे एक बांबू. बुडाला दगड बांधलेला, शेंड्याला काथ्याची दोरी. दोरी सोडली की बांबू वर जायचा आणि मोटार पुढे. दोरी बांधलेली असली की मोटार थांबायची आणि आतला माणूस माझ्याकडे असा बघायचा की जणू मी त्याच्या घरचं कार्य मोडायला बसलोय. या बांबूमागे एक खोपटं, एक टेबल, पावतीपुस्तक, शाईची दौत आणि मी. गावात मला टोलमास्तर म्हणत. मी कधी कुणाला काही शिकवलेलं नाही, पण आमच्या मालवणी मुलखात हातात लेखणी असलेला माणूस मास्तरच असतो.

नाका मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली माणसं दिवाळी अंक वाचतात आणि चुका काढतात.

काम बाहेरून दिसायला सोपं होतं. इकडच्या गाड्यांना काही विचारायचं नाही. परमुलखातली मोटार आली की तिचा नंबर, चालकाचं नाव आणि मुक्कामाचं ठिकाण लिहून घ्यायचं, रस्त्याचा आकार, म्हणजे कर, घ्यायचा आणि सात दिवसांचा पास द्यायचा. सात दिवसांत मोटार परत गेली तर रामराम. आठवा दिवस उजाडला तर मोटार नाक्यावर अडकवून ठेवायची. दंड किती ते मी ठरवायचं नाही, ते साहेब ठरवणार. साहेब मालवणात बसत आणि पंधरवड्यातून एकदा नाक्यावर येत. तोवर मोटार नाक्यावर, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर. ती पळाली तर तिच्यामागून माझी नोकरी पळणार, हे मला रुजू होतानाच सांगितलं होतं. मी तेव्हा टेंपरवारी होतो. टेंपरवारी माणूस नियम जितका घट्ट धरतो तितका कायम झालेला कधी धरत नाही.

परमुलूख म्हणजे आमच्याकडे विलायत नव्हे, गोवा. पंचावन्न साली सरहद्द बंद झाली तेव्हा मोटारी यायच्या थांबल्या आणि नाकाही झोपला. गोवा मोकळा झाल्यावर एकदम गर्दी उसळली. सात-सात वर्षं न भेटलेली माणसं मोटारी भरभरून इकडे येऊ लागली. अडचण एवढीच होती की देश एक झाला तरी आमच्या खात्याचं परिपत्रक आलेलं नव्हतं. कागदावर गोवा अजून परमुलूखच होता. त्यामुळे मी हसतमुखाने त्यांचं स्वागत करायचो आणि त्याच हसऱ्या तोंडाने आकार मागायचो. एक म्हापशाचा वकील चांगलाच तापला. म्हणाला, "मास्तर, सैन्य येऊन वर्ष जाता आयलां, आनी तुमचो कागद अजून वाटेर आसा?" मी म्हटलं, "सैन्य रणगाड्यान आयला. कागद टपालान येता."

चुकवणारेही होते. आमच्या गावाला लांबलचक पुळण आहे. ओहोटीला वाळू घट्ट होते आणि तिच्यावरून मोटार सहज जाते, असं कुणीतरी गोव्यात पसरवलं होतं. पहिल्या फर्लांगभर जातेही. पुढे गावाच्या शिवेचा व्हाळ समुद्राला मिळतो, तिथली वाळू दिसते घट्ट आणि असते भुसभुशीत. मी सुरूच्या झाडाखाली पावतीपुस्तक घेऊन बसायचो. मोटार रुतली, चाकं गरगरली, भरतीचं पाणी जवळ यायला लागलं की मी उठायचो. बैलजोडी लावून मोटार वर काढायची, आधी पावती फाडायची, मग सगळ्यांनी मिळून शहाळी प्यायची. त्या चुकवणाऱ्यांपैकी दोघं तर पुढे मला घरच्या लग्नाची आमंत्रणं पाठवत.

आता कायतानची गोष्ट. एवढ्या वर्षांच्या नोकरीत सांगण्याजोगी हीच एक, असं माझी बायको म्हणते. तिचं खरं असावं.

कायतान गोव्यातल्या बार्देशातला तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. गोवा मोकळा झाला तेव्हा तो दूर कुठेतरी समुद्रात होता. करार संपवून घरी आला आणि परत जाणाऱ्या एका पोर्तुगीज अंमलदाराची मोठी काळी मोटार त्याने स्वस्तात घेतली. ती घेऊन तो डिसेंबरात आमच्या नाक्यावर आला. मुक्कामाचं ठिकाण विचारलं तर म्हणाला, "जामसंडें. म्हजी आवय थंय आसा. तिका नाताळाक घरा व्हरूंक आयलां." मी पास दिला. सात दिवस.

तो परत आला नवव्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास. मागच्या सीटवर एक म्हातारी ताठ बसली होती. शेजारी लोणच्याच्या बरण्या, पायाशी डालग्यात कोंबडी, मांडीवर गुंडाळलेलं क्रूसाचं चित्र. ही कायतानची आई, रोझालीनबाय. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून पंचावन्न साली जामसंड्याला आली होती. जावई तिथे शाळेत शिक्षक. बाळ झालं, बारसं झालं आणि सरहद्द बंद झाली. ते बाळ आता दुसरीत होतं. गोवा मोकळा झाल्यावर एसटीने घरी जाता आलं असतं, पण निघताना ती मुलाला सांगून आली होती की तूच मला न्यायला ये, आणि मुलाने न्यायला येईपर्यंत ती हलली नव्हती.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त पास बघितला. सातची मुदत, नऊ दिवस. मी दोरी बांधली.

"दोन दीस रे मास्तर," कायतान म्हणाला. "दोनच."

"दोन काय आणि वीस काय, मोटार थांबणार. साहेब येऊन दंड ठरवतील."

"सायब केन्ना येतलो?"

"पुढच्या आठवड्यात."

नाताळ पाच दिवसांवर होता. कायतान खाली बसला. मागच्या काचेतून म्हातारीने विचारलं, "काय सांगता तो?" कायतानने सांगितलं. मी म्हटलं, "बाय, माणसांना अडवत नाही. तुम्ही एसटीने जा, मोटार राहू दे." ती म्हणाली, "सात वर्सां मी झिलाच्या गाडयेची वाट बघलंय. एसटीन जावचा असता तर कधीच गेलंय असतंय." आणि काच वर केली. मी साहेबांना चिठ्ठी लिहिली, मोटार अडकवली आहे, प्रकरण नाजूक आहे, लवकर यावं. मालवणला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे ती दिली आणि आपण फार माणुसकी दाखवली असं समजून जेवायला बसलो.

जेवता जेवता बाहेर गलका ऐकला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज गावपळण आहे.

आचऱ्याची गावपळण पुष्कळांना ऐकून माहीत असते. तीच चाल या गावातही आहे. दर काही वर्षांनी गावदेवाचा कौल होतो आणि अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी. शिवेच्या आत श्वास घेणारं काही उरता कामा नये. घरांना नुसत्या कड्या लावतात, चोरी होत नाही. चोरायला आत येणार कोण? एक जरी जीव मागे राहिला तरी पळण मोडली असं मानतात, आणि मग सगळ्यांनी पुन्हा निघायचं. माझ्या नोकरीत ही पहिलीच होती. आपण सरकार आहोत, आपल्याला काय त्याचं, असं मी धरून चाललो होतो.

गावचे मानकरी बाबल गावकार दारात उभे राहिले. सत्तरी गाठलेला काटकुळा माणूस, खांद्यावर घोंगडी, आवाज मात्र मोठा.

"मास्तरांनू, निघाक होया. दिस बुडाच्या आत व्हाळापलीकडे."

"गावकार, मी ड्युटीवर आहे. जप्त मोटार सोडून मला हलता येत नाही."

"तुमी रवलात तर आमची पळण मोडतली. पोरांटोरांक घेवन आमी परत निघाचा काय?"

"मग मी जातो, मोटार राहू दे. घरं राहतात, तशी मोटार."

बाबलनी मोटारीभोवती एक फेरी मारली. कंदिलांसारख्या दिव्यांकडे बघितलं. मग बॉनेटवर हात ठेवला. ते अजून गरम होतं. "हिका आंग आसा," ते म्हणाले. "हिचा आंग तापता, ही पाणी पिता, डोळे लायता, बोंब मारता. घरा असा काय करतत? ही जिती आसा. ही येतली." जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या.

मी नियमांची पुस्तिका काढली. जप्त मोटार नाक्याबाहेर नेऊ नये असं तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं. दोनदा वाचलं. मग माझ्या डोक्यात आलं की मोटार नाक्याबाहेर न्यायची नाही, पण नाकाच मोटारीबरोबर नेऊ नये असं कुठेही लिहिलेलं नाही. टेंपरवारी माणसाच्या डोक्यात एरवी असले विचार येत नाहीत. पण समोर तीनशे माणसं गुरावासरांसकट माझ्यासाठी खोळंबली होती.

अशी आमची वरात निघाली. पुढे बैलगाड्या, मध्ये शेळ्या, मग कायतानची काळी मोटार माणसाच्या चालीने, मागच्या सीटवर राणीसारखी रोझालीनबाय, आणि सगळ्यात मागे माझा बांबू. दोघांनी बांबू खांद्यावर घेतला होता, एकाने टेबल डोक्यावर, आणि 'थांबा' असं लिहिलेली पाटी माझ्या काखेत. व्हाळ ओलांडला, मालवणच्या अंगाला माळावर गाव उतरला. मी एका गाडीवाटेवर बांबू रोवला आणि त्याच्याआड मोटार उभी केली. नाका सुरू.

पुढचे तीन दिवस मी ज्या नाक्यावर काढले तसा नाका कुणाच्या वाट्याला आला नसेल. माडाच्या चुडतांच्या खोप्या, तीन दगडांच्या चुली, कुठे फुगड्या तर कुठे पत्ते. येणारा-जाणारा प्रत्येक जण उगाचच माझ्या बांबूपुढे थांबायचा आणि "मास्तरांनू, शेळयेक पास होयो काय?" असं विचारायचा. बायांनी रोझालीनबायसाठी खोपी शाकारली. पहिल्या दिवशी ती मोटारीतून उतरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरली, डालग्यातली कोंबडी मोकळी सोडली आणि बायांना म्हणाली, "नाताळाचा गोड मी खंय करतलंय? हंयच करतंय. नारळ हाडा." नारळ काय, गाडीभर आले. गूळ आला, तांदळाचं पीठ आलं. बाबल गावकाराच्या सुनेने मोठी काहील काढली, आणि दोदोल ढवळायला बाया पाळीपाळीने बसल्या. दोदोल म्हणजे नारळाचं दूध, गूळ आणि पीठ आटवून केलेला गोव्याचा हलवा. तो हातचा सोडला की करपतो. दुपारभर ढवळता ढवळता ती बायांना गोव्यातल्या घराचं वर्णन सांगत होती. दारात ओव्याचं झाड, मागे विहीर, शेजारीण भांडकुदळ. "मेली आसा काय जिती, कोण जाणा," ती म्हणाली. "भांडाक तरी जिती होयी."

मी टेबलाशी बसून हे ऐकत होतो. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की उशीर का झाला. जामसंड्यात सात वर्षांत जोडलेल्या घराघरांतून तिला निरोपाचं जेवण होतं. नाही कुणाला म्हणणार? त्यात दोन दिवस जास्त गेले. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या छापील फॉर्मात नाव, नंबर, मुदत, सगळ्याला रकाना होता. कारणाला रकाना नव्हता, आणि रकाना नसलेलं विचारायची मला सवय नव्हती. याची मला त्या दिवशी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. चिठ्ठी त्यांना पोचली होती, पण ती मी नाका हलवण्याआधी लिहिली होती. त्यामुळे त्यांची जीप थेट गावात गेली. पुढचं मला जीपच्या ड्रायव्हरने सांगितलं. साहेब सोलापूरकडचे, कोकणात नवे. बघतात तर बांबू नाही, टेबल नाही, पाटी नाही, मोटार नाही. कारकून नाही. हाका मारल्या. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. घरोघरी कड्या. साहेब जीपमध्ये परत बसले आणि हळूच म्हणाले, "आख्खं गाव पटवून पळालाय का हा?"

व्हाळापलीकडे धूर दिसला म्हणून ते आले. मी बांबूजवळ उभा राहून सलाम ठोकला. त्यांनी बांबूकडे, मोटारीकडे आणि मोटारीच्या टपावर बसलेल्या कोंबडीकडे बघितलं.

"नाका कुणाच्या हुकमानं हलवला?"

मी म्हटलं, "साहेब, मोटार नाक्यावरच आहे."

ते काही बोलायच्या आत बाबल गावकार नारळ घेऊन पुढे झाले. आमच्याकडे कसलंही संकट आलं की आधी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवाला सगळं खुलासेवार सांगून मागणं मागतात, आणि प्रत्येक वाक्याला जमाव होकार देतो. बाबलनी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या सांगण्यान आज आमी शिवेभायर आसंव…"

"व्हय म्हाराजा."

"ही बाय परमुलखातली म्हणान कागद सांगता. तीन दिस आमीय घराभायर आसंव, तर आमीय परमुलखातलेच जालंव…"

"व्हय म्हाराजा."

"ह्या मास्तरान सरकाराचोय मान राखलो, तुझोय राखलो. तेची भाकरी तेका रवांदे…"

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या सायबाच्या हातातली लेखणी हलकी कर…"

"व्हय म्हाराजा." या खेपेला जीपचा ड्रायव्हरही त्यात होता. साहेबांनी त्याच्याकडे वळून बघितलं.

मग टेबलापाशी चौकशी सुरू झाली. साहेब माणूस वाईट नव्हता, पण पाठीचा कणा ताठ. कायतानला विचारलं, "मुदत सात दिवसांची होती. दोन दिवस उशीर का?" कायतान बोटीवरच्या अधिकाऱ्यापुढे उभा राहावा तसा उभा राहिला आणि आईकडे बघू लागला. रोझालीनबाय काहिलीजवळून उठली, पदराला हात पुसत आली.

"सायबांनू, तेका इचारू नकात, माका इचारा," ती म्हणाली. "सात दिसांचे नऊ जाले, तेचो दंड तुमी घ्या. मी पंदरा दिसांक म्हणान आयलेलंय, थंय सात वर्सां जाली. तेचो दंड मी कोणाकडे मागू?"

साहेबांनी टाक दौतीत बुडवला, बाहेर काढला, पुन्हा बुडवला. शेवटी म्हणाले, "दंड माफ करायचा अधिकार मला नाही, आई. कमी करायचा आहे." आणि पुस्तिकेत सगळ्यात खाली जो आकडा होता तो लिहिला. कायतानने तिथल्या तिथे भरला. मी पावती फाडली.

माझ्या प्रकरणावर साहेबांनी एकच ओळ लिहिली. गावच्या रिवाजास अनुसरून नाका तात्पुरता स्थलांतरित, सबब आक्षेप नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी कायम झालो, त्यात त्या ओळीचा हात होता असं मी समजतो.

निघताना रोझालीनबायने पानात बांधून दोदोल दिला. साहेब मागे सरकले. "सरकारी माणसाला असलं काही घेता येत नाही." ती म्हणाली, "दंड भरलो, पावती घेतली. आता तुमी माझे सरकार न्हय." साहेबांनी दोदोल घेतला. बांबू वर करायला माझ्या आधी दहा हात दोरीला लागले होते. काळी मोटार मालवणच्या रस्त्याला लागली, नाताळाला अजून दोन दिवस होते. संध्याकाळी गावदेवाने कौल दिला आणि आमचा नाका गावाबरोबर घरी परतला.

परिपत्रक पुढे आलं. नाका उठला, बांबू गावकारांच्या मांडवाला लागला आणि माझी बदली मालवणच्या कचेरीत झाली. पुढच्या गावपळणीला मी मुद्दाम रजा काढून गेलो. माळावर खोप्या उभ्या राहत होत्या. दुपारी ती काळी मोटार आली, बरीच खिळखिळी झालेली. जिथे माझा बांबू होता त्या जागी कायतानने ती बरोबर थांबवली आणि भोंगा वाजवला. रोझालीनबाय काठी टेकत उतरली. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण मला आवाजावरून ओळखलं.

"मास्तरा, किती दिसांचो पास देतस?"

"बाय, आता पास नाही. कितीही दिवस राहा."

"खरा?" तिने माझा हात चाचपून धरला. "मगे माका परत जा म्हणान सांगूक कोणूच नाय?"

"कोणूच नाय."

पळण तीन दिवसांत संपली, गाव घरोघर गेला. तिला बाबल गावकारांनी आपल्या घरी नेलं. आज जाते, उद्या जाते असं करता करता ती नऊ दिवस राहिली. बाकी कुणी ते मोजले नाहीत. मी सवयीने मोजले.